केळीबागेवरचा डोळा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात वाढलेल्या माणसाला लांबवर बघायची सवय नसते. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते तेवढीच. बाकी तिन्ही अंगांना केळी. लागवड होऊन पाच-सहा महिने झाले की बाग डोक्यावरून जाते, पानाला पान भिडतं, आणि आत शिरलेल्या माणसाला खोडामागे खोड, ठिबकच्या नळीखालची ओल आणि फटींतून खाली उतरलेलं ऊन एवढंच दिसतं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बागेत अंगाला गारवा लागतो. दोन ओळी पलीकडे काम करणारा मजूर हाक मारल्याशिवाय सापडत नाही. ज्वारीच्या रानात पूर्वी मचाण असायचं. राखणदार त्यावर चढून गोफण फिरवायचा आणि अख्खं शेत त्याच्या नजरेच्या टप्प्यात यायचं. केळीत मचाण कोणी बांधलं नाही. ज्या पिकावर आमची घरं उभी राहिली, पोरींची लग्नं झाली, पोरं पुण्याला शिकायला गेली, ते पीक आम्ही कायम खालूनच पाहिलं.

वरून पाहिलं ते एका लग्नाच्या व्हिडिओत. सावद्याकडचं लग्न, मंडप शेतातच टाकलेला. वरात निघाली आणि फोटोवाल्या पोराचा ड्रोन घोंघावत वर गेला. पुढे ते चित्रण टीव्हीवर लागलं तेव्हा सगळे नवरदेवाला बघत होते. माझी नजर पडद्याच्या कडेला गेली. तिथे शेजारची बाग होती. हिरवं एकसंध छप्पर, आणि त्या छपराला मध्येच एक भोक. चार-सहा झाडं गेलेली होती तिथे. त्या बागेचा मालक लग्नात पंगतीला वाढत होता. तो त्या बागेतून रोज फिरतो, पण ही जागा एकूण बागेत नेमकी कुठे येते आणि तिच्या भोवतीचा पट्टा पिवळसर का दिसतो, हे खालून चालताना कोणाच्याच लक्षात येत नाही.

तेव्हापासून या यंत्रात माझं मन अडकलं आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ ठरतो आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. बऱ्याच देशांनी वजनाची रेघ इथेच ओढली, म्हणून कंपन्यांनी २४९ ग्रॅमवर येऊन थांबणारे ड्रोन बनवले. पंख्यांचे हात मिटले की असा ड्रोन सदऱ्याच्या मोठ्या खिशात मावतो. चार पंख्यांपैकी दोन एका दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने. त्यामुळे तो स्वतःभोवती गिरकी न घेता हवेत ठाम उभा राहतो. उपग्रहांकडून त्याला आपला ठावठिकाणा कळतो, हवेच्या दाबावरून उंची कळते, आणि पोटाखालच्या बारीक कॅमेऱ्याने तो जमिनीवरची नक्षी बघून जागा धरून ठेवतो. बॅटरी साधारण अर्धा तास पुरते. एवढ्या लहान जिवाच्या यंत्रात इतकी समज कोंबली आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण या यंत्राविषयी विचार कसा करायचा हे मला शिकवलं ते एका खेळाने.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीत तो एक जाडजूड पुस्तक आणि सहा बाजूंच्या फाशांची पिशवी घेऊन रावेरला आला आणि भाऊबिजेच्या दुपारी ओसरीवर सतरंजी टाकून सगळ्या पोरांना गोळा करून बसला. खेळाचं नाव ‘शॅडोरन’. तो ज्या जातीच्या कथांतून आला त्यांतली ठळक कादंबरी, विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’, १९८४मध्ये आली. कंपन्या देशांपेक्षा मोठ्या झाल्या आहेत, माणसांच्या अंगात यंत्रं बसवली आहेत, आणि कायद्याच्या कडेला जगणारी माणसं त्या कंपन्यांच्या भिंतींआड शिरताहेत, अशा जगाच्या कथांना सायबरपंक म्हणतात. १९८८मध्ये माइक पॉन्डस्मिथने ‘सायबरपंक’ नावाचा, भोवती बसून बोलत खेळायचा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी ‘शॅडोरन’ आला. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे ‘मी काय करतो’ ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासे पडतात. मूठभर फासे टाकायचे. पाच किंवा सहा पडलेला प्रत्येक फासा म्हणजे एक यश.

आठवीतल्या माझ्या पुतणीने रिगरचं पात्र घेतलं. रिगर म्हणजे गाड्या आणि ड्रोन स्वतःच्या अवयवांसारखे चालवणारा माणूस. डोळे मिटले की तो ड्रोनच्या कॅमेऱ्यातूनच बघतो. तिच्या सामानात ‘फ्लाय-स्पाय’ नावाचा चिमुकला कॅमेरा-ड्रोन आला. खेळाच्या जगात तो मित्सुहामा नावाची अवाढव्य कंपनी बनवते. पुस्तकात प्रत्येक ड्रोनची कुंडली मांडलेली असते: वळायला कसा, वेग किती, अंगकाठी किती, चिलखत किती, स्वतःची अक्कल किती, सेन्सर किती तीक्ष्ण. फ्लाय-स्पायची अंगकाठी जेमतेम. एक गोळी लागली की संपला. त्याच्याकडे लढायला काहीच नाही. त्याला फक्त बघता येतं.

मूळ खेळ अमेरिकेतल्या सिएटलमध्ये घडतो. भाच्याने तो रावेरला आणला, साल ठेवलं २०७५. मला त्याचं कौतुक वाटलं ते इथे, कारण त्याने भविष्य हवेतून काढलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा एक पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला. डोंगरावरून उतरलेलं पाणी तिथे झपाट्याने जमिनीत मुरतं आणि यावल-रावेरच्या विहिरींना तेच जगवतं. भाच्याच्या गोष्टीत तो अख्खा पट्टा एका कंपनीने विकत घेतला होता. बोअरला मीटर, मीटरला कुलूप. केळीवर नवा रोग आलेला, आणि निरोगी टिश्यू कल्चरची रोपं फक्त त्या कंपनीच्या गोदामात, पालच्या रस्त्यावर, डोंगर चढायला लागण्याच्या आधी. पोरांनी ती रोपं बाहेर काढायची आणि गावोगाव वाटायची. तांदलवाडी, चिनावल, ऐनपूर, खिरोदा अशी गावांची नावं तो घेत होता आणि पोरं जागच्या जागी चुळबुळत होती, कारण त्यातल्या एखाद्या गावात प्रत्येकाचं मामाचं नाहीतर आत्याचं घर.

मोहिमेआधीची टेहळणी आली. पुतणी म्हणाली, “माझा ड्रोन वर गेला. काय दिसतं दादा?”

भाचा म्हणाला, “तू काय बघतेस ते सांग.”

“सगळंच.”

“सगळं कोणालाच दिसत नाही. विचार.”

तिने विचारलं, पहारेकरी किती. मग विचारलं, कुंपणाला कुठे वाट आहे का. हे कोणीही विचारलं असतं. मग ती जराशी थांबली आणि म्हणाली, “गोदामाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय?”

भाच्याने याचा विचार केलेला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने फासे टाकायला सांगितले. तिच्या मुठीतून तीन सहा आणि एक पाच पडला. मग तो म्हणाला, “कपडे वाळताहेत. एक लुगडं, आणि लहान लेकरांची दोन झबली.”

“म्हणजे वॉचमनची बायकापोरं तिथेच राहतात,” पुतणी म्हणाली. “मग आग लावायची नाही. तो प्लॅन बाद.”

सोबतच्या पोरांनी खूप कुरकुर केली, कारण आग लावायची त्यांची फार इच्छा होती. पण प्लॅन बदलला. मी मागे खुर्चीवर बसून हे ऐकत होतो आणि मला एकदम लख्ख काहीतरी समजल्यासारखं झालं. त्या कागदावरच्या ड्रोनचा सेन्सर कितीही तीक्ष्ण असता तरी झबली दिसली नसती. ती दिसली ती रावेरच्या पोरीला गच्चीवर काय असतं ते माहीत होतं म्हणून. वरच्या डोळ्याला खालच्या माणसाने प्रश्न द्यावा लागतो. प्रश्न जसा, तसं चित्र. आणि म्हणून तो डोळा कोणाच्या हातात आहे, हा त्या डोळ्याविषयीचा पहिला प्रश्न आहे.

खेळाच्या नियमांत याला जागा ठेवलेली आहे. शॅडोरनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक यंत्राचा एकच मालक नोंदलेला असतो. यंत्र चोरून नेलं तरी नोंद बदलत नाही, ती बदलायला वेगळी खटपट करावी लागते. ज्याच्यावरून ड्रोन जातो त्यालाही फासे टाकायचा हक्क असतो: तुला तो दिसला का, त्याचा आवाज आला का. अंतर वाढलं, मध्ये भिंती आल्या की सिग्नलमध्ये गोंगाट वाढतो आणि बघणाऱ्याचे फासे कमी होतात. म्हणजे बघणाऱ्याची बाजू आणि बघितल्या जाणाऱ्याची बाजू दोन्ही ओसरीवर हजर असतात, आणि सूत्रधाराला दोघांचंही ऐकावं लागतं.

प्रत्यक्षात आमच्या डोक्यावर ड्रोन आला तेव्हा दुसरी बाजू कोणी विचारली नाही.

खानदेशातल्या उन्हाळ्यात घराची सगळ्यात मोठी खोली म्हणजे गच्ची. जुन्या घरांत मातीचं धाबं. रात्री अंथरुणं तिथे पडतात, पाण्याचा माठ तिथे जातो, पोरं चांदण्या मोजत झोपतात. दिवसा तिथे कुरडया, पापड, बिबड्या वाळतात, आणि पहाटे उठून बायका चीक घालायला बसतात त्या डोक्यावरचा पदर, साडीचा ओचा यांचा विचार करत बसत नाहीत, कारण त्यांना बघायला तिथे शेजारची गच्ची सोडून कोणी नसतं. रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी घराला दार असतं, खिडकीला पडदा असतो. वरून बघणाऱ्यासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं, कारण वरून फक्त पाखरं बघायची. लग्नसराईत ड्रोन गल्लीवर फिरायला लागले तेव्हा माझी काकू कुरडयांचं पातेलं अर्धवट ठेवून जिन्याने खाली आली. तिला राग आला नव्हता. तिला फक्त कळत नव्हतं की हा कोणाचा आहे, आणि नको असेल तर सांगायचं कोणाला. ड्रोनला ओळख क्रमांक द्यायची तरतूद नियमांत आहे. पण गच्चीवरून वर बघणाऱ्या बाईला तो वाचता येत नाही.

२०२४च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि नगरकडच्या कित्येक गावांत लोक रात्र-रात्र जागले. आकाशात दिवे फिरताना दिसत, चोर ड्रोनने घरं हेरताहेत अशी कुजबुज होई, तरुण काठ्या घेऊन गस्त घालत. त्या दिव्यांपैकी किती ड्रोन होते आणि किती भीती होती, हा वाद मी घालत नाही. त्या माणसांना वेड्यात काढणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याला आपल्यावर फिरणारी नजर कोणाची आहे ते सांगितलंच गेलेलं नाही, त्याने काठी घेऊन बाहेर पडणं हे अगदी शहाण्या माणसाचं वागणं आहे.

याउलट एक ड्रोन गावाने सहज स्वीकारला. तो मोजणीचा. गावठाणातल्या घरांना पूर्वी शेतासारखा नकाशा नव्हता. घर पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात, पण बँकेपुढे ठेवायला कागद नाही. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं, आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना म्हणून हेच काम आधी काही राज्यांत आणि २०२१मध्ये देशभर सुरू झालं. मी हे मोजणीचं काम जवळून पाहिलं तेव्हा ड्रोनपेक्षा मला चुन्याने जास्त धरून ठेवलं. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारतात. त्यासाठी घरमालक आणि शेजारी दोघांनीही दारात उभं राहायचं. हे का लागतं, तर वरून फक्त छपरं दिसतात. आमच्या जुन्या घरांच्या वळचणी भिंतीच्या हातभर पुढे आलेल्या असतात, पागोळ्या शेजारच्या बोळात गळतात. आकाशातून बघणाऱ्याला तो बोळही छपराखाली गेलेला दिसणार आणि कोणाच्या तरी नावावर चढणार. भिंत कुठे संपते, बोळ कोणाचा, परसातला गोठा कोणत्या भावाच्या वाट्याला आला, हे खाली उभ्या असलेल्या माणसांनाच माहीत. एका घरापुढे दोन चुलतभाऊ वीतभर जागेसाठी बराच वेळ वाद घालत होते. चुन्याचं घमेलं घेतलेला माणूस शांतपणे उभा होता. शेवटी घरातून आजी बाहेर आली, तिने काठीने जमिनीवर एक जागा दाखवली आणि म्हणाली, “अठी तुमच्या आज्यानं दगड गाडेल होता. उकरा.” उकरलं, दगड निघाला. रेघ तिथून गेली. मग ड्रोन वर गेला आणि त्याने ती रेघ टिपली.

सरकारच्या हातातला, सेंटीमीटरांत मोजणारा तो डोळा आजीच्या काठीशिवाय आंधळा होता. लोकांनी तो सहज स्वीकारला, कारण त्याच्या आधी त्यांना दारात बोलावलं होतं.

केळीचंही तसंच आहे. आमच्याकडे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग येतो, त्याला हरण्या म्हणतात. पावसाळ्याची झड लागली, आभाळ दिवसेंदिवस उघडलं नाही, की तो दोन-चार महिन्यांच्या कोवळ्या बागांना धरतो. मावा ही बारीक कीड तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शेजारी काकडी, भोपळा, मिरची असली तर तिथूनही आणते. औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं आणि माव्याचा बंदोबस्त करायचा, एवढाच उपाय. म्हणून जो लवकर ओळखेल तो वाचेल. माझा भाऊ सकाळी बागेत शिरतो तेव्हा पोंग्याशेजारचं सगळ्यात कोवळं पान दोन बोटांत हलकंच धरून उजेडाकडे करतो. निरोगी पानाचा हिरवा रंग सलग असतो. हरण्या लागला असेल तर शिरांच्या मधून फिकट पिवळ्या तुटक रेषा दिसतात, इतक्या पुसट की पान सोडलं आणि सावलीत गेलं की नाहीशा होतात. पुढे पानाच्या कडा वाकड्या होतात, पोंगा सडतो, तेव्हा ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. पण तोवर मावा पुढच्या ओळीत पोचलेला असतो.

त्या पहिल्या रेषा कुठल्याही लग्नाच्या ड्रोनला दिसत नाहीत. तो वरून दाखवतो ते वेगळं असतं, आणि ते भावाला खालून कधीच दिसलं नसतं. एका पावसाळ्यात झाडं उपटून झाल्यावर फोटोवाल्या पोराने बागेवर एक फेरी मारून दिली. फोनच्या पडद्यावर उपटलेल्या जागांचे ठिपके बघताना भाऊ एकदम गप्प झाला. ठिपके बागभर विखुरलेले नव्हते. ते पूर्वेच्या बांधाकडे दाट होते आणि आत येताना विरळ होत गेले होते. पूर्वेच्या बांधापलीकडे काकडी होती. रोज बागेत फिरणाऱ्याला कुठली झाडं गेली ते पाठ असतं. ती सगळी मिळून काय आकृती करतात ते पाठ नसतं. त्या वर्षी भावाने शेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा घेतला आणि पुढच्या हंगामात काकडी दुसऱ्या वावरात हलवायचं ठरलं. बोटांत धरलेलं पान आणि वरून काढलेलं चित्र, दोन्ही एकाच माणसाच्या हाती आलं म्हणून हे झालं. चित्र एकाकडे आणि बाग दुसऱ्याकडे असती तर ठिपक्यांना नुसते ठिपके याच्यापलीकडे काही अर्थ नव्हता.

म्हणून फवारणीच्या ड्रोनकडे मी आशेने बघतो. तो मोठा, दहा लिटरच्या टाकीचा, एकराला आठ-दहा मिनिटांत उरकणारा. डोक्यावर गेलेल्या केळीत खालून फवारताना औषध अंगावर गळतं, डोळ्यांत जातं. ज्याने पाठीवर पंप घेतलाय त्याला विचारा. केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली: महिला बचत गटांना १५,००० ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत. मला त्यातली यंत्रांची संख्या महत्त्वाची वाटत नाही. रिमोट ज्या बाईच्या हातात जातो ती त्याच गावात राहते, तिची गच्चीही त्याच गल्लीत आहे, आणि कोणाच्या घरावरून उडवायचं नाही हे तिला कोणी शिकवावं लागत नाही, हे मला मोठं वाटतं.

आता वादळाचं सांगतो, कारण या सगळ्याचा खरा कस तिथे लागतो.

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला एखाद्या संध्याकाळी आभाळ तांबूस होतं, पंधरा-वीस मिनिटं वारा सुटतो, आणि कापणीला आलेली बाग आडवी होते. केळीच्या खोडात लाकूड नसतं. पानांच्या देठांचे पापुद्रे एकमेकांवर गुंडाळलेले, आत पाणी. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला. म्हणून बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात, झाडांना पट्ट्यांनी बांधतात. पण वाऱ्याने मनावर घेतलं की त्याचंही काही चालत नाही. वर्षभराचा खर्च, कर्ज, दिल्लीला जायचा माल, सगळं जमिनीवर. २०१६मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी दुबईला गेली, त्या सगळ्या अभिमानाची किंमत त्या पंधरा मिनिटांत कळते.

मग पंचनामा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात. एका संध्याकाळी शेकडो बागा पडलेल्या असतात आणि माणसं मोजकी. आडव्या बागेत आत शिरता येत नाही, पाय ठेवायला जागा नसते. बांधावर उभं राहून अंदाज घ्यावा लागतो: इतके टक्के. एका वर्षी आमच्या बागेचा अंदाज फार कमी लागला. भाऊ सांगत राहिला की आतली सगळी पडली आहेत, कडेची शेवरीच्या आडोशाने तेवढी उभी आहेत. बांधावरून कडेचीच दिसत होती. लिहिणाऱ्याने जे दिसलं ते लिहिलं. त्याच्यावर माझा राग नाही; तो जिथे उभा होता तिथून तेवढंच दिसत होतं. पण सोसायटीचे हप्ते त्या आकड्यावर फिटत नव्हते.

ही हकिकत घरात चालली होती तेव्हा पुतणी ऐकत होती. ती म्हणाली, “काका, पडल्यावरचा फोटो काढून काय उपयोग? आधी किती उभी होती ते कोण सांगणार? आमच्यात कामाच्या आधी ड्रोन सोडतात. सगळं ठीक असताना.”

खेळात त्याला लेगवर्क म्हणतात. मोहिमेआधीची पायपीट, माहिती गोळा करणं. पडलेल्या बागेचा फोटो सगळेच काढतात, मोबाइलवर, हुंदका दाबत. उभ्या बागेचा फोटो कोणी काढत नाही, कारण उभी बाग रोजचीच असते. आणि पुरावा तर दोन चित्रांच्या मधल्या फरकात असतो.

यंदा एप्रिलमध्ये भावाने फोटोवाल्या पोराला बोलावलं. हंगामातल्या लग्नांतून त्याने आमच्यासाठी एक सकाळ काढली. पहाटे वारा पडलेला असतो आणि सावल्या लांब असतात, त्यामुळे झाड न् झाड वेगळं उमटतं. पण वरून सगळ्या बागा सारख्याच दिसतात. ही आमचीच कशावरून? विहीर, बांधावरचा कडुनिंब आणि विजेची डीपी चित्रात येतील अशी उंची धरली. तरी भावाचं समाधान झालं नाही. त्याला गावठाणातली मोजणी आठवली. त्याने बांधालगतच्या मोकळ्या जागेत चुन्याने गट नंबर लिहिला, पुरुषभर उंचीचे आकडे, शेजारी तारीख. ड्रोन वर गेला तेव्हा ते आकडे पडद्यावर स्वच्छ वाचता येत होते. पोराने चार कोपऱ्यांचे चार आणि सबंध बागेचा एक फोटो काढून दिला. भावाने ते छापून घेतले आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एका फाइलला लावले.

हा कागद उद्या कोणी मानेल की नाही, ते मानणाऱ्यावर आहे. मला वाटतं मानावा. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी, विकास सोसायट्यांनी असा एखादा ड्रोन घ्यावा, उडवायचा दिवस आधी दवंडी देऊन किंवा फोनवर कळवावा, म्हणजे गच्चीवरच्या बायकांना पातेलं टाकून पळावं लागणार नाही, आणि वादळाच्या महिन्याआधी प्रत्येक बागेचं एक उभं चित्र तिच्या मालकाच्या घरात असावं. यात अवघड काही नाही. यंत्र आहे, पोरं आहेत, चुना तर आहेच.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ओट्यावर पाच-सहा जण जमले. एकाने विचारलं, मृगबाग आणि कांदेबाग अशा वेगळ्या हंगामांत लावलेल्या बागा शेजारी-शेजारी असतील तर दोन फोटो लागतील का. दुसऱ्याच्या वावरात चुलत्याशी बांधाचा वाद आहे. त्याला बांधही चित्रात यायला हवा होता. नदीकाठी बाग असलेल्या एका विधवा आजींनी घडी घातलेला सातबारा पुढे केला आणि म्हणाल्या, “भो, मले आकडे लिहिता येत नहीत. तू लिहून देशीन का?” भावाने फोटोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, परवा लग्न नाही, येतो. पुतणीने वहीचं पान फाडून गट नंबरांची यादी करायला घेतली. कोणाची बाग कोणत्या रस्त्याने लागते आणि एका बॅटरीत किती बागा होतील, असा हिशोब करत तिने आजींच्या बागेला पहिला नंबर दिला, कारण नदीकडे ऊन वर आलं की वारा सुटतो.